लोणार : पुन्हा एकदा काठावर

लोणार गावातली शेवटची घरे मागे पडली की रस्ता किंचित चढू लागतो आणि तो चढ संपतो तेथेच पुढची जमीनही संपते. खाली, सुमारे दीडशे मीटर खोल, हिरवट पाण्याचे तळे पसरलेले दिसते. सहावीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मी येथे प्रथम आलो, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या पाण्यावरच खिळले होते. सव्वीस वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन परत आल्यावर मला आधी जाणवला तो पायांखालचा चढ, आणि लोणारचे खरे नवल पाण्यापेक्षा त्या चढातच आहे, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक, जवळपास आडवे रचलेले असतात; सह्याद्रीच्या कड्यांवर ते पायऱ्यांसारखे मोजता येतात. लोणारच्या काठावर मात्र हेच थर मुळापासून उचकटल्यासारखे बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आणि आतून उडालेली दगडमाती त्यांच्यावर येऊन बसल्यामुळे हा काठ भोवतालच्या शेतांपेक्षा उंच झाला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळ एका आघाताने घडले. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक अभ्यासक त्याला ज्वालामुखीचे मुख मानत राहिले. तळ्याखाली छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाने काचेत रूपांतर झालेले खनिज सापडले, आणि १९७० च्या दशकात उल्कापाताचे मत पक्के झाले. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणात, झालेली अशी सुस्थितीतली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि चंद्रावरही असा पाषाण आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही लोणारच्या दगडांकडे वळतात.

सहलीच्या वहीत मी विवराचे वय पन्नास हजार वर्षे असे लिहून घेतले होते. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. वहीतला तो आकडा इतका वाढलेला पाहून मला विलक्षण आनंद झाला.

उतरणीच्या वाटेवर झाडी दाट आहे, आणि काठाजवळच्या धारेच्या गोमुखातून गोडे पाणी अखंड वाहते. तळाशी मात्र सारे बदलते. या खोलग्यात आलेले पाणी कोठूनही बाहेर वाहून जात नाही; ते केवळ वाफ होऊन उडते आणि क्षार मागे ठेवते. आमच्या वाटाड्याने तळहातावर चिमूटभर हळद घेतली, तिच्यावर तळ्याचे दोन थेंब सोडले, आणि ती पिवळी पूड पाहता पाहता कुंकवासारखी लाल झाली. या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास आहे, म्हणजे ते चांगलेच अल्कधर्मी आहे, आणि अशा पाण्यात हळद लाल होते. पूर्वी येथला खार गोळा करून विकला जाई, आणि त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी अशी वेगवेगळी नावे होती. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे दाखवून दिले.

लवणासुराची कथा गावात आजही सांगितली जाते. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. तळ्याचे पाणी हे त्याचे रक्त आणि खार हे त्याचे मांस. ज्यांनी ही कथा रचली, त्यांनीही या खड्ड्यामागे एक घाव ओळखला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

परतीच्या चढणीवर मुलीने विचारले, "बाबा, मग तो आभाळातला दगड गेला कुठे?" सहावीत मीही हेच विचारले होते आणि तो पाण्याखाली रुतला असेल, अशी माझी समजूत झाली होती. मी तिला सांगितले की आदळताक्षणी तो वितळला आणि बहुतांशी वाफ होऊन गेला. विवराभोवतीच्या मातीत काचेचे अगदी बारीक मणी सापडतात, आणि त्यांतल्या काहींत येथल्या काळ्या पाषाणात असते त्याहून कितीतरी अधिक निकेल आहे. ते निकेल त्या दगडाचे. ती खाली वाकली आणि काठावरची माती बोटांनी चाळू लागली.