सांगलीचा २३३

नमस्कार मंडळी! घरोघरी लँडलाइन होते तेव्हा बाहेरगावाहून सांगलीला फोन लावायचा तर आधी शून्य दोन तीन तीन फिरवावं लागायचं. दुकानांच्या जुन्या पाट्यांवर तो ०२३३ अजून दिसतो. पुढचं शून्य काढा, राहिले २३३. ही मूळ संख्या आहे, आणि माझ्या मते तीन आकडी मूळ संख्यांमधली सगळ्यात देखणी.

मूळ आहे कशावरून? २, ३, ५ ने भाग जात नाही हे बघताक्षणी कळतं. ७ आणि ११ चं काम कोल्हापूर करून देतं! त्यांचा कोड ०२३१, आणि २३१ म्हणजे ३ × ७ × ११. त्यामुळे २३३ ला ७ ने भागा नाहीतर ११ ने, बाकी २ उरणारच. १३ ने भागलं तर बाकी १२. इथंच थांबायचं, कारण १७ चा वर्ग २८९, म्हणजे २३३ च्या पुढे गेला. मोठा विभाजक असता तर त्याचा जोडीदार लहान असता, आणि लहान सगळे आपण तपासले.

शेवटचा ३ पुसला तर २३, तीही मूळ. अजून एक पुसला तर २. उलटं ३ जोडत गेलं तर २३३३ मूळ, २३३३३ सुद्धा मूळ. पुढचा ३ मात्र घात करतो: २३३३३३ = ३५३ × ६६१.

आता या ताटात बघा. तासगावचे बेदाणे, मोजून २३३. पंधरा-पंधराच्या ओळी लावल्या, पंधरा ओळी भरून ८ उरले. सोळाच्या लावल्या, ९ उरले. एकच लांबलचक रांग सोडली तर यांचा आयत होणारच नाही. पण दोन चौरस करा. इकडे १३ बाय १३, तिकडे ८ बाय ८. १६९ आणि ६४... ताटात एकही बेदाणा शिल्लक नाही! ४ ने भागून बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. हे फर्मा या गणितज्ञानं सतराव्या शतकात सांगितलं, ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकात सिद्ध केलं.

आणि हे ८ आणि १३ ओळखीचे वाटले का? १, २, ३, ५, ८, १३, २१... ही मालिका तुम्हाला फिबोनाचीच्या नावानं माहीत असेल. त्याचं पुस्तक १२०२ चं. त्याच्या सुमारे पन्नास वर्षं आधी गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी हीच मालिका छंदशास्त्रात मांडली होती. लघु अक्षराची (ल) एक मात्रा, गुरूच्या (गा) दोन. चार मात्रा किती प्रकारे भरतील? टाळी देत म्हणा: गा गा, ल ल गा, ल गा ल, गा ल ल, ल ल ल ल. पाच. बारा मात्रांचं काय? शेवटी लघु असेल तर आधीच्या ११ मात्रा १४४ प्रकारे भरतात, गुरू असेल तर आधीच्या १० मात्रा ८९ प्रकारे. १४४ अधिक ८९, २३३!

मोरोपंतांच्या आवडत्या आर्या वृत्ताचा पहिला चरण बारा मात्रांचाच असतो. चार-चार मात्रांचे तीन गण, म्हणजे गट, त्यात पहिल्या आणि तिसऱ्या जागी ल गा ल चालत नाही. म्हणजे ४ × ५ × ४. सांगलीच्या २३३ पैकी आर्येच्या वाट्याला ८० येतात.