दर्याची गाज ऐकू येते का?

नमस्कार श्रोतेहो.

मालवणला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘हॉटेल बीचला लागून आहे ना?’ काही वर्षांपूर्वी मीही याच एका अटीवर खोली घेतली. जाहिरातीत ‘बीच टच’ लिहिलं होतं. पोचून खिडकी उघडली, तर समोर शेजाऱ्यांचं न्हाणीघर! समुद्र कुठे, म्हणून विचारलं. मालक हसून म्हणाले, “हयच आसा, माडांच्या पलीकडे.” खोटं नव्हतंच ते. माड, मग कुंपण, कुंपणाला वळसा, एक पाणंद आणि मग समुद्र.

तेव्हापासून हॉटेल नंतर बघतो, आधी किनारा ठरवतो. कारण मालवणात ‘समुद्राजवळ’ म्हणजे एकच जागा नाही.

चिवल्याचा किनारा गावातच. बाजार, एसटी स्टँड, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात तो धक्का, सगळं जवळ. सोबत म्हातारी माणसं असतील, स्वतःची गाडी नसेल, तर मी चिवलाच सांगेन. सकाळी लवकर उठलात तर दोन बाजूंनी माणसं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसतील. खोलीच्या गॅलरीतून हे दिसणार असेल, तर खोली जुनाट असली तरी चालेल. निदान मला चालते.

तारकर्ली तिथून दक्षिणेला सहा-सात किलोमीटर. पांढरी वाळू, सुरूची झाडं, लांबच लांब किनारा. पण रस्ता अरुंद. नाताळच्या आठवड्यात किंवा मे महिन्यात तिथे दोन मोटारी समोरासमोर आल्या की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

आणि आणखी पुढे देवबाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, माझा जीव तिथेच अडकलाय. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. नदी पूर्वेला, म्हणून सकाळचं ऊन नदीकडून येतं आणि सूर्य मावळतो तो समुद्रात. तेव्हा देवबागेत खोली घेताना नुसतं ‘पाणी दिसतं का’ असं विचारू नका. कुठलं पाणी, ते विचारा. नदीकडची खोली शांत असते, समुद्राकडची रात्रभर बोलत राहते. टोकाला नदी समुद्राला मिळते, त्या संगमावर पाण्याला ओढ फार. पोरांना तिथे पोहायला सोडू नका.

रेल्वेने येणार असाल तर कुडाळ स्टेशन मालवणपासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. रिक्षा पाठवता का, हे फोनवरच विचारून घ्या. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते, म्हणजे ताज्या सुरमईची आशा सोडायची. आणि आंगणेवाडीची जत्रा! तिची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, कॅलेंडरात ठरलेली नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार असाल तर आधी ती तारीख बघा. त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं कठीण.

आता फोनवर काय विचारायचं? ‘बीच किती मीटरवर’ हे मी विचारत नाही. मीटर सगळ्यांचेच लवचिक असतात. मी विचारतो, “काकी, रात्री दारं लावल्यावर गाज ऐकू येते का?” यावर सहसा खरं उत्तर मिळतं. मग दुसरा प्रश्न, जेवण कोण करतं? घरची बाई करत असेल तर निम्मं काम झालं. थाळीचा दर सुरमईचा की बांगड्याचा, तेही तेव्हाच विचारावं, जेवून झाल्यावर नको.

गेल्या खेपेला देवबागेत असाच फोन केला. गाज येते म्हणाल्या. एसी नाही, हेही आपणहून सांगितलं. मी पुढचं विचारणार, तोच पलीकडून प्रश्न आला, “ता सगळा ऱ्हवांदे. तुमी मासे खातास मां?”

खोली तिथेच पक्की झाली.