दहापैकी चार

[दृश्य : दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, जराशा तिरप्या. टेबलावर एक छापील कागद आणि पेन.]

या कागदावर नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत झोप बिघडली का, थकवा होता का, कशातच रस वाटेनासा झाला का, आणि असं किती दिवस झालं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली, तर नैराश्य आहे का हे तज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यायचं.

मेंटल हेल्थ कोच म्हणजे मनाने खचलेल्या माणसाला लहान लहान पावलं ठरवायला मदत करणारा. जाणता कोच बेरीज नंतर करतो. त्याची नजर आधी जाते नवव्या प्रश्नावर : मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं मनात आलं का? तिथे शून्याऐवजी काहीही असेल, तर बेरीज ६ असो की १६, त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूला राहतो. कोच आडून विचारत नाही. “जीव द्यावा असं वाटतं का? कसा, ते ठरवलंय? साधन हाताशी आहे?” विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे. उत्तरं ‘हो’कडे झुकली, तर त्या माणसाला एकटं न सोडता, त्याच दिवशी, डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. इथे कोचचं काम संपतं.

ही हद्द माहीत असणं, हीच त्याची पहिली पात्रता. कोच निदान करत नाही, औषध देत नाही, बंद करायला सांगत तर नाहीच. जुने आघात उकरून काढणं हेही त्याचं काम नव्हे.

[दृश्य : भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग.]

‘कोच’ ही पाटी लावायला बहुतेक देशांत परवाना लागत नाही. म्हणून पार्श्वभूमी विचारून घ्यावी, त्यात संकोच कसला? इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ची. तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पुढच्या पायरीला १२५ आणि ५०० तास. पण हे तास कोचिंगचे. मानसिक आजार ओळखण्याचं शिक्षण त्यात आलंच, असं धरून चालू नये.

बरेच कोच स्वतः नैराश्यातून किंवा चिंतेतून बाहेर आलेले असतात. त्यामुळे समोरच्याचा अवघडलेपणा त्यांना चटकन कळतो. धोकाही तिथेच आहे : मला पहाटे धावून बरं वाटलं, तर तुम्हीही धावा! यावर उतारा म्हणजे सुपरव्हिजन. ठरावीक दिवसांनी एखाद्या अनुभवी व्यक्तीसमोर, नावं न घेता, आपली सत्रं उलगडून दाखवायची.

[दृश्य : सत्र. कोच, समोर एक व्यक्ती. दोघंही गप्प.]

“पुन्हा बाहेर पडायला लागणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा.”

“चार.”

नवखा कोच विचारतो, “चारच का?” झालं! समोरचा माणूस आपण बाहेर का पडू शकत नाही याची कारणं देऊ लागतो आणि स्वतःलाच पटवून बसतो. मुरलेला कोच विचारतो, “चार म्हणालात. दोन का नाही म्हणालात?” आता कारणं उलट्या बाजूची येतात, आणि तीही त्याच्याच तोंडून. ही रीत ‘प्रेरणात्मक मुलाखत’ या संवादपद्धतीतली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती पद्धत १९८३मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. प्रश्नानंतरची शांतता सांभाळणं मात्र अवघड. चार-पाच सेकंद झाले की सल्ला अगदी ओठांवर येतो. तो गिळायचा.

मग पाऊल ठरतं. “रोज अर्धा तास चालेन” हे बेत सहसा दोन दिवसांत कोसळतात, कारण त्यांत ‘कधी’ नसतं आणि माप फार मोठं असतं. त्याऐवजी : दात घासून झाले की बूट घालायचे आणि फाटकापर्यंत जाऊन यायचं. आधीच्या सवयीला नवी कृती बांधायची. उत्साह येण्याची वाट बघायची नाही. नैराश्यात तो बहुधा कृतीच्या मागून येतो. शेवटी कोच विचारतो, “हे जमेल याची खात्री दहापैकी किती?” सातच्या खाली उत्तर आलं, तर पाऊल आणखी लहान करायचं. फाटक नको, दारापर्यंत.

पुढच्या सत्रात कळतं, जमलं नाही. इथे “असू द्या” म्हणून पुढे सरकणं चूक आणि शाळामास्तरासारखं झाडणंही चूक. “कुठे अडलं? बूट घालायलाच जमलं नाही, की घालून बसून राहिलात?” या दोन अडचणींचे उपाय वेगळे. पहिलीत बूट रात्रीच पलंगाशी ठेवून बघता येतं. दुसरीत दाराबाहेर नेमकी कशाची धास्ती आहे, ते बोलावं लागतं.

रात्री-अपरात्री येणाऱ्या मेसेजचा नियम पहिल्याच सत्रात ठरतो : उत्तर कधी मिळेल, कधी मिळणार नाही, आणि संकटात कुणाला फोन करायचा.

[दृश्य : तोच कागद, कोरा.]

दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा. पाच गुणांचा उतार हा दखल घेण्याजोगा फरक मानतात. आकडा हलला नाही किंवा चढला, तर कोच आणखी सत्रं विकत नाही. मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहितो, दोन्ही बेरजा त्यात नोंदवतो आणि ती आधी त्या माणसाला वाचायला देतो.