इस्रायल जन्मतानाच कोसळलं असतं तर

माईक मागेपर्यंत येतोय ना? बरं. विषय तुम्ही फलकावर वाचलाच आहे. असा विषय जाहीर झाला की एक ठरलेला फोन येतो, अहो जर-तरला काय अर्थ आहे, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, आणि हेच गृहस्थ पानिपतावर भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर काय झालं असतं हे मात्र ताटातलं जेवण थंड होईपर्यंत सांगत बसतात. (हशा) हसताय म्हणजे तुमच्याही घरात आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. इस्रायलवर आपल्याकडे बोलणारे दोन प्रकारचे. एक म्हणतात ते होणारच होतं, दोन हजार वर्षं वाट बघितली, काय ती जिद्द, आणि मग गाडी लगेच वळते की आपल्याच लोकांत ती जिद्द नाही. दुसरे म्हणतात अमेरिकेने आणून बसवलं, ते पडलंच नसतं. अहो, अमेरिकेने डिसेंबर 1947 मध्ये शस्त्रबंदी घातली होती! मार्च 1948 मध्ये त्यांच्या प्रतिनिधीने युनोत सांगितलं की पॅलेस्टाइनची ज्यू आणि अरब राज्यांत फाळणी तूर्त बाजूला ठेवा, युनोची विश्वस्त राजवट आणा. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल तर अध्यक्ष ट्रुमनना तोंडावर म्हणाले की मान्यता दिलीत तर निवडणुकीत मी तुमच्या विरोधात मत देईन. ट्रुमननी ती दिली, 14 मेच्या राज्यस्थापनेच्या घोषणेनंतर अकरा मिनिटांत दिली, पण ती कागदावरची, शस्त्रबंदी होती तशीच राहिली.

मग शस्त्रं कुठून आली? इथे मला विमानांची गोष्ट सांगायची आहे, विषयाला थोडी बाजूला आहे, पण ऐकाच.

चेकोस्लोव्हाकियातून आली. फेब्रुवारी 1948 मध्ये तिथे कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि तेच सरकार स्टालिनच्या मूक संमतीने ज्यूंना रायफली, मशिनगन आणि विमानं विकत होतं, डॉलर रोख. स्टालिनला ज्यूंचं प्रेम नव्हतं, पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांना तिथून हाकलायचं होतं एवढंच. आणि विमान कोणतं, तर आव्हिया एस-199, म्हणजे मूळ जर्मन मेसरश्मिट! हिटलरच्या हवाई दलाचं डिझाइन. त्याची मूळ इंजिनं चेक लोकांच्या गोदामातल्या आगीत गेली, मग त्यांनी बॉम्बरचं जड इंजिन आणि भलामोठा पंखा बसवला, विमान टेकऑफला एका बाजूला ओढायचं आणि पुढच्या मशिनगन कधीकधी स्वतःच्याच पंख्यावर गोळ्या मारायच्या. चेक वैमानिकांनी त्याला खेचर असं नाव ठेवलं होतं, खेचरांनी तक्रार केली नाही ही गोष्ट वेगळी.

ही विमानं सुटी करून मालवाहू विमानांच्या पोटात घालून आणली, इस्रायलमध्ये जोडली. 29 मे 1948. घोषणा होताच शेजारचे अरब देश चालून आले होते, त्यातली इजिप्तची फौज किनाऱ्याने वर येत येत इशदूदपाशी पोचली होती, तेल अवीव तिथून तीसेक किलोमीटर. पुढचा पूल उडवलेला, रणगाडे आणि ट्रक रस्त्यात तुंबलेले. जोडून झालेली विमानं चार, चाचणीसाठीसुद्धा उडवलेली नाहीत. वैमानिक चार : अमेरिकेचा लू लेनार्ट, तिथलाच मोडी अलोन, दक्षिण आफ्रिकेचा एडी कोहेन आणि एझर वाइझमन, जो पुढे इस्रायलचा राष्ट्राध्यक्ष झाला. हा वाइझमन आधी रॉयल एअर फोर्सच्या नोकरीत भारतातही येऊन गेला होता, राष्ट्राध्यक्ष म्हणून पुन्हा आला, ते असो. चौघं संध्याकाळी उडाले. बॉम्ब टाकले, मशिनगन मध्येच अडकल्या, एडी कोहेन परत आलाच नाही. नुकसान फार झालं नाही. पण ज्यूंकडे विमानं नाहीत असं धरून चाललेल्या फौजेच्या डोक्यावर अचानक विमानं, आणि ती फौज तिथून पुढे सरकली नाही.

आता काही इतिहासकार म्हणतात की इजिप्तला तिथेच थांबायचं होतं, तेल अवीववर जायचा बेत नव्हताच. असेल. पण त्या संध्याकाळी तेल अवीवमध्ये हे कुणाला माहीत होतं?

आणि जाता जाता, ज्या प्राग सरकारने हा माल विकला त्यानेच 1952 मध्ये स्वतःच्या पक्षाचा सरचिटणीस राहिलेल्या रुडॉल्फ स्लान्स्कीवर खटला भरला, चौदा आरोपी, त्यातले अकरा ज्यू, अकरा जणांना फाशी, आणि आरोपांत झिओनिस्टांशी, म्हणजे ज्यू राज्याचा पुरस्कार करणाऱ्यांशी, संगनमत हाही एक. यावर वेगळं व्याख्यान होईल, आयोजक मान हलवतायत, म्हणजे होणार नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे देवा.

बरं, मूळ मुद्दा. लोक पर्यायी इतिहास लिहितात तेव्हा लढाई बदलतात, माझं म्हणणं की खोली बदला. 12 मे 1948, तेल अवीव, हंगामी मंत्रिमंडळासारखं तेरा जणांचं मंडळ, हजर दहा. मार्शलचा इशारा घेऊन परराष्ट्र व्यवहार पाहणारे मोशे शारेट अमेरिकेहून आलेले, की सेनापतींच्या भरवशावर राहू नका. गोल्डा मेयर अरब बाईचा वेश करून अम्मानला ट्रान्सजॉर्डनच्या राजा अब्दुल्लाला भेटून आलेल्या, निरोप असा की तो लढणार. यिगाएल यादिन या एकतीस वर्षांच्या सेनाधिकाऱ्याला विचारलं काय होईल, तो म्हणाला शक्यता जवळजवळ निम्मी निम्मी. युद्धबंदी मान्य करून घोषणा पुढे ढकलायची का यावर सहा विरुद्ध चार असं मतदान झालं असं सांगतात, इतिवृत्तात असं मतदान दिसत नाही असंही काही संशोधक म्हणतात, पण पारडं हलत होतं हे नक्की. मंडळाचे प्रमुख बेन गुरियन, एकट्या त्यांचा हिशोब साधा होता : युरोपात घेतलेली शस्त्रं ब्रिटिश नौदल गेल्याशिवाय बंदरात उतरत नाहीत, पहिले काही आठवडे काढले की माल येतो. दोघांनी मत बदललं असतं तर घोषणा पुढे, ब्रिटिश गेल्यावर विश्वस्त राजवटीची बोलणी, आणि माझ्या मते ते राज्य पडलं नसतं, जन्मलंच नसतं.

की घोषणा होऊन पडलं असतं? त्यालाही जागा आहे, तुळकरमला इराकी फौज होती, तिथून समुद्र पंधरा किलोमीटर, ते नेतान्यापर्यंत गेले असते तर देशाचे दोन तुकडे. गेले नाहीत.

तर मग काय? पॅलेस्टाइनचं राज्य झालं असतं असं लोक गृहीत धरतात. मला तसं वाटत नाही. अब्दुल्लाला वेस्ट बँक हवी होती, त्याने 1950 मध्ये ती जोडून घेतलीच, इजिप्तला तो मोठा झालेला नको होता, म्हणून त्यांनी गाझात अखिल-पॅलेस्टाइन सरकार नावाची पाटी लावली. म्हणजे नकाशा राजांमध्ये वाटला गेला असता, आणि कदाचित त्याच वाटणीवरून त्यांच्यातच लढाई. उलट इजिप्तचा राजा फारूक जिंकून कैरोला परतला असता तर नासरचं 1952 चं बंड त्या वर्षी तरी झालं असतं का? फालुजाच्या वेढ्यात अडकलेला तो अधिकारी त्या पराभवाचा राग घेऊनच परतला होता. आणि हे विसरू नका की इशदूदच्या अरब लोकांसाठी राज्य टिकलं हीच आपत्ती होती, 1948 च्या ऑक्टोबरमध्ये ते गाव रिकामं झालं, माणसं गाझाकडे गेली, एकूण सुमारे सात लाख विस्थापित. त्यांच्या घरात हा जर-तर रोज चालतो.

आपलं काय, तर बेने इस्रायली, आपले मराठी बोलणारे ज्यू. पेण, अलिबाग, ठाणे, मुंबई. इस्रायलला गेले नसते, निदान तेव्हा तरी. गेलेल्यांपैकी एक गट तर तिथे धरणं धरून 1952 मध्ये भारतात परत आला, काळे म्हणून आम्हाला वेगळं वागवतात ही तक्रार, त्यातलेही पुष्कळ नंतर पुन्हा गेले. 1964 पर्यंत तर त्यांच्या लग्नांवरून तिथले धर्मगुरू शंका काढत होते. आज मलिद्याचा विधी करणारी मराठी घरं तुम्हाला अश्दोदमध्ये सापडतात, म्हणजे जिथे ती फौज थांबली त्याच परिसरात.

राहिले युरोपातले. 1947 साली सुमारे अडीच लाख ज्यू विस्थापितांच्या छावण्यांत होते, त्यांना कुणी घेतलं असतं? अमेरिकेने जून 1948 मध्ये कायदा केला पण त्यातली तारीख अशी ठेवली की 1945 च्या डिसेंबरनंतर छावणीत आलेले बहुतेक ज्यू बाहेरच. या मुद्द्यावर माझी चार पानं आहेत आणि वेळ शून्य, तर प्रश्नोत्तरांत कुणीतरी हाच प्रश्न विचारा, म्हणजे मला बोलता येईल.