टेम्पोचा विमा आणि धंद्याची जोखीम

नमस्कार श्रोतेहो.

दारात पिकअप किंवा छोटा हत्ती उभा असलेल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, गाडीचा विमा आहे का? उत्तर ठरलेलं असतं. ‘हो, फुल आहे.’ आता पुढचं विचारा, त्या फुलमध्ये काय काय येतं? इथे बहुतेक जण एजंटचा फोन नंबर शोधायला लागतात. आज जे सांगायचं आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

विमा कंपनी तुमच्या गाडीइतकंच तुमच्या गाडीचं काम बघते. पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात ‘वापराची मर्यादा’ लिहिलेली असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीच्या पॉलिसीत गाडी भाड्याने देणं बसत नाही, आणि नमुने किंवा आपलं सामान सोडून दुसरा माल नेणंही बसत नाही. इचलकरंजीचा विक्रेता कापडाचे नमुने घेऊन कोल्हापूरला गेला तर काही बिघडत नाही. त्याने मागची सीट आडवी करून विक्रीचे गठ्ठे भरले आणि वाटेत ठोकर बसली, तर कंपनीच्या हाती क्लेम नाकारायचं कारण आयतं येतं. दुकानातल्या पोराला त्याच्याच दुचाकीवरून किराणा घरपोच द्यायला पाठवता ना? त्या दुचाकीचा विमा कशासाठी उतरवला आहे, हे एकदा पाहून घ्या. तो तुमच्या कामावर असताना कुणाला धडकला, तर दावा मालक म्हणून तुमच्यापर्यंतही येऊ शकतो.

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. याचा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरांत ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये आणि त्यावर कर. रस्त्यावरच्या माणसाचा जीव गेला किंवा तो जायबंदी झाला, तर कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र आहे, साडेसात लाखांची. किरकोळ बचतीसाठी ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवता येते. तसं करू नका. सहा हजारांत आजकाल मोटारीचा एक दरवाजासुद्धा सरळ होत नाही.

आता आपल्या गाडीच्या नुकसानीकडे वळू. टेम्पो कुठे आदळला की सगळ्यात आधी काय फुटतं? बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेट, आणि मग रंग. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत नेमक्या याच वस्तू वगळलेल्या असतात. गाडी पूर्ण निकामी झाली तरच त्या हिशेबात धरल्या जातात. पॉलिसीला ‘आयएमटी २३’ नावाचं कलम जोडून घेतलं तर त्यांना संरक्षण मिळतं. त्यासाठी जुन्या दरपत्रकात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर १५ टक्के जादा आकार होता. हप्ता कमी दिसावा म्हणून कोटेशनमधून हेच कलम गुपचूप गाळलं जातं, आणि मालक ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून खूश होतो. माझ्या मते टेम्पोच्या पॉलिसीत सगळ्यात आधी शोधायचा आकडा हाच, तेवीस. कलम असलं तरी घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याबद्दलची वजावट, कापला जातो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर निम्मा. काचेवर कापत नाहीत.

त्याच कागदावर गाडीची विमा-किंमतही लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. चेसिस घेऊन बॉडी बाहेर बांधली असेल, दुधासाठी टाकी किंवा माशांसाठी थंड पेटी बसवली असेल, सीएनजी किट लावलं असेल, तर ते सगळं या किमतीत वेगळं नोंदवलेलं हवं. बँकेचा बोजा असेल तर गाडी चोरीला गेल्यावर पैसे आधी बँकेकडे जातात. किंमत मुद्दाम कमी दाखवली असेल, तर कर्जाचा उरलेला भाग गाडी नसतानाही फेडत बसावं लागतं.

गाडीतल्या माणसांचा विषय जास्त नाजूक आहे. लग्नाचं वऱ्हाड, यात्रेला निघालेली आळी, मजुरांची टोळी, आपल्याकडे सगळं टेम्पोत चढतं. सर्वोच्च न्यायालयाने वीसेक वर्षांपूर्वीच सांगितलं आहे की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मालाबरोबर मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस बसला असेल तर गोष्ट वेगळी, १९९४ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात जागा मिळाली. बाकीच्यांची भरपाई मालकाची जमीन नाहीतर दुकान विकून. म्हणून ‘चल बस रे मागे’ म्हणण्याआधी थांबा. ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल यांच्या जबाबदारीसाठी पॉलिसीत वेगळी ओळ आहे का, आणि त्यात डोकी किती धरली आहेत, ते तपासा. माणशी खर्च अगदी थोडा असतो. मालकाच्या स्वतःच्या अपघाताचं १५ लाखांचं संरक्षण गाडी त्याच्या वैयक्तिक नावावर असेल आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल, तरच लागू होतं. गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर हे संरक्षण नसतं, तेव्हा भागीदारांनी आपली सोय वेगळी करावी.

लायसन्सचा जुना घोळ आता बराच सुटला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असणाऱ्याला ७,५०० किलोपर्यंतची व्यापारी गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. मुदत संपलेलं लायसन्स मात्र मुदत संपलेलंच. असा ड्रायव्हर असेल, किंवा पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र, नसेल, तर न्यायालय अनेकदा जखमीला पैसे कंपनीकडून द्यायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं पासिंग दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, म्हणून काही जण पासिंगही लागत नाही असं धरून चालतात. ते लागतं.

गाडीतला माल गाडीच्या विम्यात येत नाही, हे ऐकून अजूनही लोक दचकतात. दोन लाखांचं फर्निचर टेम्पोसकट कलंडलं तर टेम्पोचं बघतील, फर्निचरचं नाही. मालासाठी वाहतुकीचा वेगळा विमा असतो. तो आपण काढायचा की गिऱ्हाइकाने, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्यावं आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या पावतीवर, लिहावं.

पावसाळ्याचं एक सांगतो, विशेषतः कोकण आणि कृष्णाकाठच्या श्रोत्यांना. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा दुकानांबरोबर गाड्याही बुडाल्या. पुराचं नुकसान सर्वसमावेशक, म्हणजे आपण जिला ‘फुल’ म्हणतो त्या पॉलिसीत येतं, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पण पाणी उतरल्यावर चावी फिरवून बघितली, सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं आणि इंजिन बसलं, तर ते नुकसान कंपनी मालकाच्या माथी मारते. गाडी सुरू न करता ओढूनच गॅरेजला न्या.

अपघात झाला की फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. क्लेम न घेतल्यास नूतनीकरणात मिळणारी सूट २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जाते, तेव्हा दोन-तीन हजारांचं काम खिशातून केलेलं परवडतं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ही सूट जाते. क्लेम नाकारला गेला आणि कारण पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग या दोघांनाही तिथे तक्रार करता येते, ५० लाख रुपयांपर्यंत. अर्जासोबत पॉलिसीची पूर्ण प्रत जोडा, फक्त पहिलं पान नको. वर सांगितलेली सगळी कलमं मागच्या पानांवर असतात.