खंजिरीचा ठेका आणि दुखरा खांदा

वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. ओसरीतल्या खाटेवर बसलाय दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस. दवाखान्यातून सुट्टी झाली, पण उजवा हात लुळा आहे आणि पाय ओढतो. फिजिओथेरपीचा व्यायाम रोज चालूच आहे. त्याच्या जोडीला घरी काय करता येतं, ते बघू.

स्टुलावर आरसा उभा ठेवलाय, छातीच्या बरोबर मध्यावर. लुळा हात मागे झाकलेला, चांगला हात आरशापुढे. कडं, घड्याळ, अंगठी आधी काढायची. नाहीतर आरशातला हात आपलाच लुळा हात न वाटता परका वाटतो. आता चांगली मूठ सावकाश उघडायची, मिटायची. लुळ्या हातानेही तसाच प्रयत्न करायचा. नजर मात्र आरशातच हवी. खऱ्या हाताकडे गेली की मेहनत वाया. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. घेरी आली की थांबायचं.

चालण्यासाठी खंजिरी. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे इथे ती वाजवणारा शोधावा लागत नाही. आधी ठेक्याविना एका मिनिटाची पावलं मोजा. 50 भरली, तर ठेकाही मिनिटाला 50. पाऊल ठेक्यावर पडायला लागलं की 53, मग 55. घोटाळा होतो तो वाजवणाऱ्याचा: तो रंगात येतो, लय चढवतो आणि इकडे पाय अडखळतो. सोबतच्या माणसाने लुळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं आणि कमरेचा पट्टा धरावा. लुळा हात धरून ओढू नये. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो.

मालीश हलक्या हाताने चालेल. बरं वाटतं, तेवढंच. बधिर अंगाला गरम विटेचा शेक मात्र नको, कातडी भाजली तरी कळत नाही. कबुतराच्या रक्ताची मालीश सुचवणारा एखादा पाहुणा येतोच. त्याला चहा पाजावा, कबुतर सोडून द्यावं.

काढ्याचं प्रकरण वेगळं. पाणी पिताना ठसका लागतो, प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो? मग गिळणं अजून सुधारलेलं नाही. अशाला आडवं निजवून काढा पाजला, तर तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि काढा सुरू केला म्हणून झटक्याची, म्हणजे फिटची, गोळी बंद करू नये. ती एकाएकी थांबवली, तर झटके परत येऊ शकतात, कधी एकामागून एक.