सनरूफ, सीट कव्हर आणि दुसरी किल्ली

(नव्या गाडीत जादाचं काय घ्यावं आणि तिची सुरक्षा कशी बघावी, या विषयावर सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेत निवृत्त विमा सर्व्हेअरने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयात 'सुरक्षा' असं छापलंय, त्यामुळे पहिल्या रांगेत दोन निवृत्त पोलीस अधिकारी येऊन बसलेत. त्यांचं विशेष स्वागत. चोरीचा भाग शेवटी आहे साहेब, तोवर डुलकी काढलीत तरी चालेल.

ओळख करून देताना मला 'मोटार तज्ज्ञ' म्हणाले. तसं काही नाही. मी विम्याचा सर्व्हेअर. तुम्ही गाडी शोरूममध्ये बघता, हार घातलेली. मी तीच गाडी पुढे गॅरेजच्या मागच्या आवारात बघायचो, बॉनेट उभं राहिलेली. कोणती वस्तू वेळेला कामाला आली आणि कोणती नुसती पैसे खाऊन बसली होती, हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही. तेव्हापासून माझं एक मत झालंय, आणि ते मी लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही ऐकवलंय. जे फक्त कारखान्यातच बसतं, त्यावर आधी पैसे घाला. जे बाजारात बसवून मिळतं ते नंतर घ्या, नाहीतर घेऊच नका. एअरबॅग नंतर बसत नाही. घसरणारी गाडी सावरणारी ईएससी नंतर बसत नाही. लहान मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे लोखंडी हूक नंतर बसत नाहीत. मॅट बसते. कॅमेरा बसतो. मोठा स्क्रीन तर सकाळी सांगितला की दुपारी बसतो.

इतकं साधं आहे. पण शोरूममध्ये गेलं की मॅटवर तास जातो आणि एअरबॅगवर दोन मिनिटं.

गेल्या पाडव्याचंच सांगतो. माझ्या मेहुण्याचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. हा माणूस सूत घेताना काउंट तपासतो, ओलावा बघतो, गाठोडं स्वतः समोर उभं राहून वजन करून घेतो. गाडी घेताना मात्र त्याने पहिल्यांदा रंग ठरवला, मग मुहूर्त, मग पेढे कुणाचे ते, आणि शेवटी गाडी कोणती ते. मला सोबत नेलं ते केवळ बहिणीने बजावलं म्हणून. जिना चढतानाच म्हणाला, "दाजी, तुम्ही नुसतं बसा. काही बोलू नका."

मी बसलो. शोरूमचं नाव सांगत नाही, कारण त्यांचे दोन-तीन नातेवाईक या सभागृहात असणारच. सोलापूर आहे हे.

सेल्समनने एक कागद पुढे केला. वर लिहिलेलं, बेसिक किट. फ्लोअर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर, बॉडी कव्हर, दारावरचे व्हायझर, बाजूच्या पट्ट्या, परफ्यूम आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती. खाली वेगळ्या रकान्यात गाडीच्या तळाला गंजरोधक कोटिंग. मी मेहुण्याकडे बघितलं, त्याने नजर चुकवली. मग मी बोललो.

"हे घ्यायलाच पाहिजे का?"

"हो काका, कंपल्सरी आहे."

"कुणी केलं?"

"सिस्टिममध्येच आहे."

आता सिस्टिमपुढे कोण बोलणार? मी म्हटलं, बरं, हे गंजरोधक कशाला? तर म्हणे, पाण्याने पत्रा गंजतो. अरे बाबा, आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, घरातल्या बादलीला गंज चढेना, गाडीला कुठून चढणार? पोरगा हसला. चांगला होता बिचारा. त्याचा दोष नाही, त्याला महिन्याला ॲक्सेसरीचं टार्गेट असतं. बाकी आजकाल पत्रा कारखान्यातच गंजरोधक थर देऊन येतो, आणि काही कंपन्यांची गंजाबद्दल वॉरंटी असते ती वाचायची तसदी कुणी घेत नाही. बॉडी कव्हरचंही तेच. आपल्याकडच्या धुळीत न पुसलेल्या गाडीवर कव्हर ओढलं, की रोज सकाळ-संध्याकाळ रंगाला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं.

पण मी अडून बसलो ते सीट कव्हरवर. त्या मॉडेलला पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत साइड एअरबॅग होती. कडेला शिवलेली बोटभर चिठ्ठी असते, त्यावर एअरबॅग असं लिहिलेलं असतं, तुमच्याही गाडीत बघा. बाजूने धक्का बसला की ती पिशवी सीटची शिवण फाडून बाहेर येते, आणि दार आत घुसायच्या आत तिला फुगायचं असतं. वेळ किती? एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यातले दोन-तीन. अशा जागी तुम्ही जाड रेक्झिनचं, डबल टाक्याचं कव्हर चढवता. एअरबॅगवाल्या सीटसाठी वेगळी कव्हरं मिळतात, त्यांची कडेची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते किंवा ती बाजू मोकळी असते. मी म्हटलं, तुमच्या कव्हराची शिवण दाखवा. पोराने सॅम्पल आणलं. मेहुण्याने हातात घेतलं, आणि तिथे त्याच्यातला मागवाला जागा झाला. टाका ओढून बघितला, दोरा नखाने उसवायला गेला, उसवेना. "पक्की शिवण आहे दाजी," म्हणाला. तो कौतुकाने म्हणाला होता.

मॅनेजर आले. चहा आला. मॅनेजर म्हणाले, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं, तक्रार करायला माणूस उरला पाहिजे. मेहुण्याने टेबलाखालून पाय दाबला. शेवटी तोडगा निघाला तो असा: सीट कव्हर रद्द, आणि त्याबदल्यात गणपती मोठा.

आता तुम्ही म्हणाल, विषय भरकटला. भरकटलेला नाही. हा सगळा तासभर जो गेला, त्यात व्हेरिएंट कोणतं घ्यायचं हे कुणी विचारलंच नव्हतं. ते भाचीने घरीच ठरवलेलं, सनरूफवालं. आता सनरूफ! मंडळी, एप्रिल-मेमध्ये आपण डोक्यावर टॉवेल टाकून पार्क चौकात जातो, आणि गाडीला मात्र छताला काच लावतो. वर त्या काचेचा ऊन अडवणारा पडदा वेगळा विकत घेतो. पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्या भोकावरही तुम्ही कर भरता. त्यापेक्षा मागे एसीचे झरोके घ्या, मागची माणसं दुवा देतील. आणि काचांना काळी फिल्म लावायचा विचार असेल तर २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. पुढची-मागची काच कारखान्यातूनच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के उजेड आत सोडणारी हवी. वरून फिल्म नाही.

भाचीला मी काही बोललो नाही. कारण गंमत अशी की, त्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग हव्या असतील तर सनरूफवालंच व्हेरिएंट घ्यावं लागत होतं. ही माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे सुटं काही मागता येत नाही. जीव वाचवणारी वस्तू हवी, तर तिच्या गळ्यात दिखाऊ वस्तू बांधून देतात. कायद्याने किमान काय मिळतं? जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आणि मागचे पार्किंग सेन्सर २०१९ पासून, पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून सगळ्या गाड्यांना. सहा एअरबॅग सक्तीच्या होणार म्हणून मसुदा निघाला, तारीख ढकलली, आणि २०२३ मध्ये गडकरींनी सांगून टाकलं की सक्ती करणार नाही. आता काही कंपन्या खालच्या व्हेरिएंटलाही सहा देतात, त्या शोधा. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून बघून सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालीय. तिथे समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने देतात. तारे बघा, पण ताशी १०० ने गेलात तर ते तारे तुमच्यासाठी नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या जिल्ह्यापुरतं म्हणाल तर मी ईएससीला सनरूफच काय, पण चौथ्या-पाचव्या एअरबॅगच्याही वर ठेवीन. का? ऊस. गाळप सुरू झालं की रात्री पंढरपूर रस्त्याला, मंगळवेढ्याकडे, कुठेही जा. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. ती ट्रॉली अचानक दिव्यात येते आणि तुम्ही स्टिअरिंग फिरवता. तिथे गाडी मागून सरकते, फिरते, कधी उलटते. ईएससी म्हणजे काय, तर तुम्ही चाक कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय हे ती बघते, आणि फरक पडला की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. हे तुमच्या-माझ्या पायाला जमणारं काम नाही, कारण पायाखाली एकच पेडल आहे. दुसरं, हेडलाइट चांगले हवेत. गाडी रात्री चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. टेस्ट ड्राइव्ह सगळे दुपारी बाराला घेतात! तो आपोआप ब्रेक लावणारा एडास परवडत असेल तर घ्या, पण त्याचा कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधी विचारा.

बेल्टबद्दल बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. बेल्टचा पिकपिक आवाज बंद करायला नुसती क्लिप मिळते, माहितीय ना? हसताय म्हणजे माहितीय. ऑनलाइन इतकी विकली जायची की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारवाई केली आणि १३ हजारांहून जास्त जाहिराती उतरवायला लावल्या. लोक लाखभर रुपये जास्त देऊन एअरबॅगवालं व्हेरिएंट घेतात आणि मग शे-दीडशेच्या क्लिपने तिचं अर्धं काम घालवतात. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला आहे. बेल्ट नसेल तर पुढे फेकला जाणारा माणूस आणि त्याच्या अंगावर उघडणारी पिशवी यांची गाठ भलत्याच ठिकाणी पडते. मागच्या सीटवरही बेल्ट लावा. उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघरजवळ अपघातात गेले, मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता, आणि गाडी काही लहानसहान नव्हती. आता आणखी एक…

हं, चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' म्हणजे ज्यासाठी साहेब लोक आलेत तो भाग पाच मिनिटांत. साहेब, जागे व्हा.

पटपट सांगतो. इमोबिलायझर बहुतेक नव्या गाड्यांत असतोच. किल्लीत चिप असते, तिची ओळख पटल्याशिवाय इंजिनचा कॉम्प्युटर गाडी सुरू होऊ देत नाही. त्यामुळे तारा जोडून गाडी पळवायचे दिवस गेले. आता चोर किल्लीमागे लागतो. खिशातून न काढता दार उघडणारी किल्ली असेल तर एकजण घराजवळ किल्लीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीजवळ तो पोहोचवतो, गाडीला वाटतं मालक आला. म्हणून रात्री किल्ली दाराशेजारच्या खुंटीला लावू नका, आत ठेवा. सिग्नल अडवणारी पाकिटं मिळतात, किंवा काही किल्ल्यांचा सिग्नल बंद करता येतो, मॅन्युअल वाचा. दुसरा मार्ग स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटचा, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायचं यंत्र जोडतो त्या जागेचा, तिथे यंत्र लावून नवी किल्ली ओळखवतात. त्याला कुलूप मिळतं. गिअरलॉक जुनाट दिसतो, पण चोराचा वेळ खातो आणि बाहेरून दिसतो. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र रीतसर बसवलं तर विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे ओन डॅमेज प्रीमियममध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात, अडीच टक्के सूट होती, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. म्हणजे सुटीसाठी बसवू नका, गाडीसाठी बसवा. जीपीएस ट्रॅकर बसवणार असाल तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या. वायरिंग कापून कुणालाही काही बसवू देऊ नका, वॉरंटीचा वाद तिथेच सुरू होतो. पुढचं लोखंडी बुलगार्ड नको, ते बेकायदा आहे आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडवतं.

विमा. शोरूममधूनच घेतला पाहिजे असं नाही. थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासून. गाडी चोरीला गेली तर आयडीव्ही मिळते, म्हणजे कंपनीच्या किमतीतून घसारा वजा करून. सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २० टक्के. रोड टॅक्स त्यात नाही. तो हवा असेल तर रिटर्न टू इनव्हॉइस हे बिलाची रक्कम देणारं जादाचं कव्हर घ्या. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर, घ्या, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि एअरबॅग, हो, एअरबॅगसुद्धा, निम्म्याच किमतीने धरतात. बाहेरून बसवलेला महागडा स्क्रीन पॉलिसीत लिहून घेतला नाही तर तो विम्यासाठी अस्तित्वातच नाही.

आणि चोरीच्या दाव्यात कंपनी पहिल्यांदा काय मागते, तर दोन्ही किल्ल्या. तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल नंतर. एक किल्ली कपाटात, दुसरी ड्रायव्हरकडे, तो गावी गेलाय, असं झालं की वर्षभर पत्रव्यवहार. डिलिव्हरीच्या दिवशी केक कापायच्या आधी दोन्ही किल्ल्या लावून बघा, चॅसी नंबर कागदाशी जुळवून बघा, आणि सीटच्या कडेची ती चिठ्ठी उघडी आहे ना ते बघा.

दुसरी चिठ्ठी आली. एकच प्रश्न घेतो. हं, मागचे, पांढऱ्या टोपीवाले काका, विचारा. फक्त सनरूफबद्दल असेल तर खाली चहाला भेटू.